ताई, तुम्ही ती ओळ शेवटपर्यंत वाचलीत!

ताई, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या आणखी कुणाला उपयोग झाला तर तोही तुमच्याच खात्यावर.

वाचनालयाच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवरून सभासदांना जाणारे मेल अधूनमधून परत यायला लागले, तेव्हा ज्याला विचारावं त्याचा एकच सल्ला: "कशाला ही उठाठेव? मोठ्या कंपनीकडे खातं काढा आणि मोकळे व्हा." सल्ला वाईट नव्हता हो, पण विचारलं होतं दुसरंच! तुम्ही मात्र म्हणालात, "परत आलेला अख्खा मेल पाठव. स्क्रीनशॉट नको."

वरकरणी सगळं जागच्या जागी होतं. एसपीएफ (आमच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावा त्याची यादी), डीकेआयएमची सही (मेल आमचाच आणि वाटेत न बदललेला याची खूण), डीमार्क (या दोन्हींत नापास मेलचं काय करायचं तो नियम), सगळं पास. आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या कुठल्या काळ्या यादीत नाही. तरी त्याच जीमेल पत्त्यावर सकाळी मेल पोचायचा आणि संध्याकाळी ५५० हा नकाराचा आकडा घेऊन परत यायचा. त्या उत्तराच्या ओळीत 'ऑथेंटिकेशन' (ओळख पटवणं) असा शब्द होता. ज्याला दाखवावं तो तेवढंच धरून एसपीएफच्या मागे लागायचा. तुम्ही त्याच ओळीतल्या चौकोनी कंसातल्या, कोलनच कोलन असलेल्या पत्त्याकडे बघून विचारलंत, "हा आयपी तुझाच का?"

होता आमचाच. भाड्याच्या सर्व्हरला आयपीव्ही४ (जुन्या धाटणीचा पत्ता) सोबत आयपीव्ही६ (नव्या धाटणीचा, कोलनवाला) आपसूक मिळालेला. रिव्हर्स डीएनएस, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, फक्त पहिल्याला. दोन्ही रस्ते खुले असले की पोस्टफिक्स (आमचा मेल पाठवणारा प्रोग्रॅम) कधी हा धरतो, कधी तो. म्हणून तो लपंडाव! जीमेलचं काही चुकत नव्हतं. २०२४च्या फेब्रुवारीपासून तर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला पीटीआर नोंद हवीच, असा त्यांचा उघड नियम आहे.

आयपीव्ही६ बंद करून टाकणं दोन मिनिटांचं काम. तुम्ही ते तात्पुरतंच करू दिलंत. सर्व्हरवाल्यांकडून त्या पत्त्याला पीटीआर लावून घ्यायला सांगितलंत, ते नाव उलट फिरून त्याच पत्त्यावर येतं का ते तपासायला लावलंत, एसपीएफमध्ये तो पत्ता बसतो का तेही.

आणि ती दटावणी! ४ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'नंतर या', ५ने सुरू होणारं म्हणजे 'येऊ नका', पहिल्या प्रकारचे मेल पोस्टफिक्स पाच दिवस स्वतःच पुन्हापुन्हा पाठवून बघतो, तेव्हा थांबलेल्या मेलची "सारखी रांग ढोसत बसू नको." आता नाही ढोसत.

यंदाच्या वार्षिक सभेची सूचना सगळ्यांना पोचली. ज्यांना यायचं नव्हतं त्यांचं निमित्तही गेलं.

डीमार्क आता 'नन'वरून (नापास मेलला काही करू नका) 'क्वारंटाइन'वर (तो स्पॅममध्ये टाका) न्यायचं म्हणतोय. त्याआधीचे अहवाल पाठवतो, सवडीने नजर टाका.

आपला,
वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम बघणारा