भाजलेल्यांवर उपचार करायला उरणार कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिरोशिमाच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या पुरवणीत अण्वस्त्रांवर पानभर मजकूर आला. कुठल्या देशाकडे किती, पल्ला किती, किलोटन किती. माणसांच्या वाट्याला मात्र दोन ओळी. आणि सीमेवर काही घडलं की हल्ली आमच्या एसटी स्टँडवरही ‘टाका एकदाचा अणुबॉम्ब’ असं सहज ऐकू येतं, म्हणून लिहिते आहे.

मी राजापूर तालुक्यात परिचारिका होते. भात उकडताना हंडा कलंडून भाजलेल्या बाया आमच्याकडे यायच्या. हात सुजायच्या आत बांगड्या कापून काढायच्या. मग सलाईन, लघवी किती होते यावर तासातासाला लक्ष आणि रोजचं ड्रेसिंग. चिकटलेली गॉज भिजवून भिजवून सोडवली तरी बाई किंचाळतेच. एका पेशंटपाठी दोघीजणी अडकतात. जास्त भाजलं असेल तर अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठायचं.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला हिरोशिमात अशी हजारो माणसं एका क्षणात भाजली. किमोनोची गडद नक्षी कातडीवर उमटलेल्या बाया त्यांत होत्या. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामाला शाळकरी मुलं जुंपली होती, बारा-तेरा वर्षांची. ती उघड्यावर सापडली, त्यांतली हजारो गेली. आणि त्यांच्याकडे बघणार कोण? शहरातल्या दर दहा डॉक्टर-नर्सपैकी नऊ जण मेले तरी होते किंवा जखमी. रेडक्रॉस इस्पितळातल्या कोऱ्या एक्स-रे फिल्मसुद्धा बॉम्बच्या किरणांनी वाया गेल्या होत्या. अंगावर ओरखडाही नसलेली माणसं काही आठवड्यांनी केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन दगावली. वर्षअखेरपर्यंत तिथे सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार बळी गेले. वाचलेल्यांतल्या काही मुलांना रक्ताच्या कर्करोगाने पुढे कित्येक वर्षं गाठलं. (जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा वाद वेगळा, त्याबद्दल मी इथे बोलत नाही.)

युद्ध लवकर संपावं म्हणून हे करावं लागलं, असं म्हणणारे आहेत. त्या मुलांना जाळून मिळालेला कुठलाही विजय मला मान्य नाही.

एक विनंती आहे. पुन्हा अण्वस्त्रांचं कोष्टक छापाल, तेव्हा कोकणातल्या प्रत्येक जिल्ह्यात भाजलेल्यांसाठी वेगळ्या खाटा किती आणि त्वचारोपण करणारे सर्जन किती, हेही शेजारी छापा.

– एक निवृत्त परिचारिका, राजापूर (जि. रत्नागिरी)