अक्कलखात्याविषयी मित्रास पत्र

हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. गुडघ्यांविषयी लिहिलेस ते वाचून वाईट वाटले. मात्र शेवटच्या पानावर, ऑनलाइन फसवणुकीत पैसे घालवणाऱ्या माणसांविषयी, ‘गेले ते अक्कलखाती जमा’ असा निकाल तू एका ओळीत देऊन टाकला आहेस, तो मला मुळीच पटलेला नाही, आणि का पटला नाही हे फोनवर उरकण्यासारखे नसल्यामुळे सविस्तर लिहायला बसलो आहे. तू उभी हयात बँकांची सॉफ्टवेअरे करण्यात घालवलीस आणि मी गावच्या पतसंस्थेच्या खतावण्यांत. पैशाच्या वाटा तुला आतून ठाऊक आहेत, मला काउंटरवरून. तुझे म्हणणे असे की पासवर्ड सांभाळावा, ओटीपी कोणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, आणि एवढेही ज्याला जमत नाही त्याने स्मार्टफोनच्या वाटेला जाऊ नये. जगाचे राजकारण चहाबरोबर चघळायला ठीक आहे, आपल्या खात्याशी त्याचा काही संबंध नाही. मला ही दोन्ही विधाने एकाच कारणाने चुकीची वाटतात. फसवणूक हा आता भुरट्यांचा उद्योग उरलेला नाही. तिच्यामागे पैसा आहे, पगारी आणि बिनपगारी माणसे आहेत, कुठेतरी चाललेली युद्धेही आहेत. आणि तिच्यापुढे आपण उभे करतो ते सूचनापत्रक हातात दिलेल्या एका एकट्या माणसाला.

अकलेचेच म्हणशील तर आमच्या बंदरावर चल. संध्याकाळचा लिलाव आटोपल्यावर किरकोळ विक्रीला बसणाऱ्या बायकांत एक मावशी आहेत, त्यांची अक्षरओळख सहीपुरतीच. क्यूआर कोडचे कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाटीच्या कडेला दोऱ्याने बांधले आहे. त्यावर खवले चिकटलेले असतात, आणि गिऱ्हाइकाने फोन पुढे केला की त्या आधी पदराने ती पिशवी पुसतात. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून मासे घेऊन जाणारे महाभाग त्यांना भेटले, तेव्हा त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला: डबा बोलल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. डबा म्हणजे तो साउंडबॉक्स. परवा माझ्यासमोर एका गाडीवाल्या साहेबांनी फोनचा पडदा अगदी त्यांच्या नाकापुढे धरला, ‘हे बघा, गेले पैसे’ असे चढ्या आवाजात सुनावले. मावशींनी मान वर केली नाही, सुरमईच्या तुकड्या पाडत राहिल्या, आणि डब्याने रक्कम उच्चारल्यावर पिशवी पुढे केली. साहेब रागावून गेले, पण पैसे खरेच आलेले होते. या व्यवहारात मावशींचा सावधपणा आहेच, परंतु खात्री करून घेण्याचे काम एका यंत्राने त्यांच्याकडून काढून स्वतःकडे घेतले आहे हे त्याहून महत्त्वाचे आहे. डबा नसता तर त्यांना प्रत्येक साहेबाच्या तोंडाकडे पाहून तो खरा की खोटा हे ठरवावे लागले असते, आणि त्यात तूही फसला असतास.

आता दुसरे टोक पाहा. आमच्या आळीत राहणारे एक निवृत्त गुरुजी, गणिताचे. हिशेबात त्यांना कोणी फसवील हे संभवत नाही. त्यांना सकाळी फोन आला, पाठोपाठ व्हिडिओ कॉल, पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर चिन्ह: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यापुढून हलायचे नाही, घरात कोणाला सांगितलेत तर त्यांनाही आत घेऊ. अशी अटक आपल्या कायद्यात कुठेही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच देशाला बजावून सांगितले होते, आणि गुरुजींनी तो कार्यक्रम ऐकलेलाही होता. तरी ते माजघरात दार लावून बसून राहिले, आणि दुपारी फोन खिशात चालू ठेवून मुदत ठेव मोडायला शाखेत गेले. चाळीस वर्षे ज्या माणसाने काही लपवले नाही त्याला ‘तुमच्यावर गुन्हा आहे’ या शब्दांनी जेवढी धडकी भरते तेवढी सराईताला भरत नाही. म्हणजे भीती अब्रूदाराचीच जास्त, आणि हे त्या फोन करणाऱ्यांना नेमके ठाऊक असते.

गुरुजी वाचले ते एका सहीमुळे. भीतीने हात इतका थरथरत होता की ठेवीच्या पावतीमागची सही नमुन्याशी जुळेना. काउंटरवरच्या मुलीने पुन्हा करायला सांगितली, तीही जुळेना. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, त्यांना आत नेऊन बसवले, पाणी दिले आणि घरी फोन लावला. हेच व्यवहार आता मोबाइलवर होतात, तेथे सही नाही, काउंटर नाही, तोंडाकडे पाहणारे कोणी नाही. आकडे बरोबर पडले की पैसे गेले. शाखेतल्या ज्या दिरंगाईला आपण सगळे नावे ठेवत आलो, तिच्यात एक पहारा होता, आणि तुमच्या सॉफ्टवेअरने दिरंगाईबरोबर तोही काढून टाकला. हे मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. वेग आम्हीच मागितला होता.

आता त्या फोनच्या पलीकडे कोण बसलेले असते ते पाहा, म्हणजे जगाच्या राजकारणाविषयी माझे म्हणणे ध्यानात येईल. असे सगळेच फोन परदेशातून येतात असे नाही, आपल्याकडेही हा धंदा करणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतला मोठा भाग कंबोडिया, लाओस आणि म्यानमार येथील कुंपणबंद वसाहतींतून चालतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, देशभर यादवी पेटली, आणि थायलंडला लागून असलेल्या म्यावाडीच्या पट्ट्यात आधीपासून उभे राहत असलेले केके पार्कसारखे अड्डे सशस्त्र गटांच्या आश्रयाने बेबंद वाढले. तेथे बसून फोन करणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतःच फसवून आणलेले असतात. पासपोर्ट काढून घेतलेले, दिवसाचे काम पुरे झाले नाही तर मार खाणारे. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या हद्दीवरील मे सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणले, ते याच अड्ड्यांतून सुटलेले होते. म्हणजे गुरुजींना धमकावणारा आवाज कदाचित कोणाच्या तरी बेपत्ता मुलाचा असेल. मला त्याची कीवही येते आणि संतापही येतो, आणि या दोहोंपैकी कोणते खरे हे अजून ठरवता आलेले नाही.

ही गोष्ट कोकणाला दूरची नाही. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात आहेच, त्यामुळे एजंटाचा फोन आला की घरात कोणाला वावगे वाटत नाही. येथल्या एका तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, नातवाला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, डॉलरमध्ये पगार, राहणे-जेवण फुकट, असे पत्र आले. तो ते मला दाखवायला आला. पत्र इंग्रजीत नेटके होते, पण व्हिसा पर्यटकाचा. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी होत नाही एवढे मला समजत होते, म्हणून त्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाचे नाव शोधायला बसवले. नाव नव्हते. मुलगा सध्या बोटीवर जातो आणि माझ्याशी जरा घुश्शातच बोलतो.

तू म्हणशील, हे एक उदाहरण झाले. मग दोन आणखी घे, थोडक्यात. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. रोख युक्रेनवर होता, आणि पुढे अमेरिका व ब्रिटन यांनी त्याचे खापर रशियन लष्करावर फोडले. परंतु तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. उरणच्या ट्रकवाल्याने कोणाची लिंक उघडली होती, सांग बरे? फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जायबंदी झालेले रुबीमार हे जहाज तांबड्या समुद्रात नांगर ओढत वाहत गेले, आणि त्या नांगरानेच तळावरच्या इंटरनेटच्या तीन केबली तुटल्या असाव्यात असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. नांगर खरडत गेला की तळावर काय होते हे आमच्या खलाशांना समजावून सांगावे लागत नाही. नवल त्यांना याचे वाटले की एवढा मोबाइल, आणि त्याची दोरी समुद्राच्या तळाशी.

देशातल्या देशातही हेच. ३१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या मासेमारीबंदीच्या शेवटच्या दिवशी, लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्यामुळे सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँका खबरदारी म्हणून यूपीआयच्या जाळ्यापासून तोडल्या गेल्या. त्या बँकांच्या खातेदारांनी पासवर्ड कितीही सांभाळला असता तरी काय उपयोग होता?

म्हणून नुकसान कोणी सोसायचे हा प्रश्न मला अकलेच्या प्रश्नाहून मोठा वाटतो. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक तुला पाठ असेल: बँकेची चूक असेल किंवा त्रयस्थाने परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकाला तोशीस नाही, पण गोपनीय माहिती त्याने स्वतः दिली असेल तर तक्रार करेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. ज्याने भीतीपोटी स्वतःच्या हाताने पिन टाकला त्याचा यात निभाव कसा लागायचा? ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम केला की फसवून पैसे पाठवायला लावले असतील तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची, आणि तिचा भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मानिम्मा उचलायचा. त्यातला दुसरा भाग मला विशेष आवडला, कारण चोराचे खाते उघडून देणारी बँक आपल्याकडे नामानिराळी राहते. सिंगापूरने तर १ जुलै २०२५ पासून पोलिसांना असा अधिकार दिला आहे की फसला जाणारा माणूस सांगूनही ऐकत नसेल तर त्याच्या खात्यातून पैसे बाहेर जाणे काही काळ थांबवता येते. गुरुजींसाठीच केल्यासारखा कायदा आहे.

दार बंद करणे हे उपदेशाहून गुणकारी असते याचे आपल्याच घरचे उदाहरणही आहे. ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही’ असे वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडून झाले, तरी पैशांची मागणी पाठवून फसवणे चालूच होते. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच काढून टाकली. फोन लावला की आधी ऐकावी लागणारी ती सायबर सावधानतेची टेप आठवते ना? दारात रिक्षा उभी, आत माणूस तळमळतो आहे, आणि डॉक्टरांचा फोन लागण्याआधी ती बाई आपल्याला शहाणे करीत असे. तिच्यापेक्षा हे एक पाऊल मोलाचे झाले.

माझी मागणी एवढीच आहे की साठीच्या पुढच्या माणसाने पूर्वी कधीही पैसे न पाठवलेल्या खात्यात मोठी रक्कम पाठवली तर ती एक रात्र अडून राहावी, आणि त्याने आधीच नेमून दिलेल्या दुसऱ्या माणसाला निरोप जावा. नव्या फोनवर यूपीआय चालू केले की पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा असतेच. म्हणजे थांबवणे यंत्राला जमते. यावर तू दवाखान्याचा मुद्दा काढशील, आणि तो बिनतोड आहे. आमच्याकडून रात्री रोगी डेरवणला किंवा मुंबईला हलवतात तेव्हा रक्कम त्याच घटकेला भरावी लागते, आणि निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात वीज आणि फोन गेले तेव्हा दुसऱ्या माणसाला निरोप तरी कसा पोचला असता? रुग्णालये आणि सरकारी भरणा वगळावा, एवढेच उत्तर सध्या माझ्याकडे आहे, आणि ते अपुरे आहे.

पासवर्डाविषयी तू मला हसलास, की मी तो ‘कालनिर्णय’च्या मागच्या पानावर लिहितो. हस खुशाल. म्यावाडीत बसलेल्या माणसाला माझ्या स्वयंपाकघरातली भिंत दिसत नाही. आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे, तरी माझ्या पेन्शनचे संकेतस्थळ अजून ऐकत नाही. आवाजाची हुबेहूब नक्कल करता येऊ लागल्यापासून मात्र घरात एक बंदोबस्त केला आहे. मुलाच्या आवाजात पैशांचा फोन आला तर त्याला विचारायचे, परड्यातल्या विहिरीजवळच्या फणसाला आजीने काय नाव ठेवले होते? ते नाव कोणत्याही कागदावर नाही.

तेव्हा मला दोन गोष्टी कळव. दुसऱ्या माणसाला निरोप जाण्याची सोय सध्याच्या प्रणालीत बसवायला खरोखर किती अवघड आहे, आणि ज्या खात्यात चोरीचे पैसे येऊन काही मिनिटांत पुढे जातात ते खाते बँकेला आधी ओळखता येते की नाही. येत असेल, तर अक्कलखाते कोणाच्या नावाने उघडायचे ते मग ठरवू. आणि तोवर वहिनींच्या फोनमध्ये १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक साठवून ठेव. पैसे गेल्याबरोबर त्यावर कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फारशी उरत नाही.

येणार असलास तर नाताळच्या आधी ये, नंतर पर्यटकांच्या गाड्यांमुळे बंदरापर्यंत चालतही जाता येत नाही, आणि तुझ्या गुडघ्यांना ती गर्दी झेपायची नाही. सुकट आणि आमसुले बांधून ठेवली आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र