धडा दहावीत, पाळी पाचवीत

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मी कोल्हापुरातली, फुलेवाडीची. माझी मुलगी पाचवीत आहे. मार्चमधली गोष्ट. जादा तासाहून आली ती थेट मोरीत शिरली, आणि नळ काही बंद होईना. दार वाजवलं तर आतून रडका आवाज, "मी पडलो नाही, काय नाही, तरी रक्त येतंय." (आमच्याकडे पोरीही 'पडलो'च म्हणतात.) बाहेर आली तेव्हा कमरेला स्वेटर, भर उन्हाळ्यात. तिला पोटदुखीपेक्षा बाकाची काळजी. बाकाला डाग लागला होता, तो तिने वहीचं पान फाडून पुसला होता.

चूक माझीच. सातवीत गेली की सांगू म्हणून थांबले होते. मला आईने 'कावळा शिवला' एवढंच सांगितलं होतं; पुढे कित्येक दिवस कौलावर कावळा दिसला की मी घरात पळायची. पोरीला कावळा सांगायचा नाही हे ठरवलं होतं. त्याऐवजी काय सांगायचं, ते ठरवलंच नाही.

आता तुमच्याकडचं. पाळीची सविस्तर माहिती येते ती दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये. पाळी बहुतेकींना बाराव्या-तेराव्या वर्षी येते, काहींना दहाव्याच. म्हणजे धडा येईतो पोरीने दोन-तीन वर्षं काढलेली असतात. 2018 च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड द्यायचं ठरलं, वयोगट 11 ते 19. माझी पोरगी दहाची. जागतिक मासिक पाळी स्वच्छता दिन 28 मे, तेव्हा शाळेला सुट्टी!

थोरला सातवीत आहे. त्याच्या शाळेत माहिती द्यायला बाई आल्या, तेव्हा मुलींना वर्गात बसवलं आणि मुलांना मैदानावर पिटाळलं. आत काय चाललंय ते मैदानावर एका नववीतल्या पोराने समजावून सांगितलं. ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणून मागणं एवढंच, की चौथीतच एक तास ठेवा, मुलं-मुली एकत्र, आणि तो पाहुण्यांनी नाही, वर्गशिक्षकांनी घ्यावा. शरीरात काय होतं ते सांगाच, पण डाग लागला तर कुणाला गाठायचं, पॅड कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे, हेही सांगा. मुलीच्या शाळेत कपाट आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते, आणि ते जादा तासाला थांबत नाहीत.

कळावे,
एक पालक, कोल्हापूर