हौद्याचे बोल्ट सोडवून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

समोरासमोर आभार मानू लागलो तर "बोल्टच तर होते, त्यात काय" म्हणत तुम्ही चालू लागलात. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. पिकअपचा हौदा उतरवताना गंजलेल्या बोल्टांशी झटणारे बरेच असतात. तुम्ही जे दाखवलंत, ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

टाकीतला इंधनपंप बदलायचा होता. खालून टाकी उतरवण्यापेक्षा हौदा उचलणं सोपं, असं ऐकलं होतं. आठ बोल्ट काढायचे, इंधन भरायच्या नळीचं तोंड सोडवायचं, मागच्या दिव्यांची वायर काढायची, की हौदा मोकळा. कागदावर एवढंच! पाना आणि जोर वाढवायला पाइप, दोन्ही तयार होते. तुम्ही मात्र पान्याला हातही न लावता आधी गाडीखाली सरकलात आणि तिथूनच म्हणालात, "भांडण इथं खाली आहे रे, वर ताकद लावून काय होणार?"

खाली बघितल्यावर पटलं. बोल्टाचं डोकं हौद्यात, पण नट खाली चासीच्या ब्रॅकेटवर, पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात अडकवलेला. नटाच्या खाली बोल्टाचं टोक बाहेर आलेलं, आणि वर्षानुवर्षांचा चिखल-पाणी त्याच आट्यांनी झेललेलं. बोल्ट सोडवायचा म्हणजे हे गंजकं टोक नटातून वर ओढायचं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, मग तो आट्यांत ठासून बसणारच. म्हणून तुम्ही आधी तारेच्या ब्रशनं टोकं घासून घेतलीत आणि गंज सोडवणारा स्प्रे खालून, थेट नटावर मारलात. वरून मारलेला स्प्रे बोल्टाच्या डोक्याभोवतीच साचतो, आट्यांपर्यंत क्वचितच पोचतो. रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी पुन्हा मारायचा. घाई करणाऱ्याला ही रात्र फार जड जाते, पण निम्मं काम तीच करते.

वरच्या बाजूचं तुमचं काम तर बघत राहावं असं. बोल्टाच्या डोक्यातल्या टी-५५ मापाच्या स्टार खाचेत (चांदणीच्या आकाराच्या) दगडासारखी बसलेली माती तुम्ही दाभणानं उकरून काढलीत, त्या खाचेत बसणारं पान्याचं टोक, म्हणजे बिट, बसवलीत आणि तिच्यावर हातोडीचे चांगले सणसणीत घाव घातलेत. बिट तळापर्यंत बसते आणि त्याच दणक्यानं गंजाची पकडही सैल होते. अर्धवट बसलेली बिट स्टार खाऊन टाकते, आणि एकदा स्टार गुळगुळीत झाला की डोकं ड्रिलनं उडवण्याची पाळी येते. त्यानंतर बोल्ट सोडवायचा सोडून तुम्ही तो आधी किंचित आवळलात! कट्ट आवाज आला, तेव्हा कुठे उलटा फिरवलात. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा स्प्रे. बोल्ट किंचाळायला लागला की थांबायचं, कारण आटे कोरडे पडलेले असतात. तसाच रेटला तर बोल्ट तरी तुटतो, नाहीतर पिंजरा.

आणि टॉर्च, म्हणजे ज्वाळा फेकणारी, गॅसची. त्याबद्दलचे आभार सगळ्यात वरचे. कारखान्यात आट्यांना लावलेला पक्का चिकट द्रव सुमारे २५० अंश सेल्सिअसला ढिला पडतो, नट तापला की प्रसरणही पावतो, तेव्हा उष्णतेचा उपाय खराच आहे. पण हाताच्या अंतरावर इंधनाची टाकी, शेजारी नळ्या आणि वायरी, वर स्प्रेसुद्धा पेट घेणारा. माझ्या हातातली टॉर्च काढून घेऊन तुम्ही ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून आलात. एक शब्द बोलला नाहीत.

शेवटच्या बोल्टाचा पिंजराच कुजलेला निघाला. बोल्टाबरोबर नटही गरगर फिरू लागला. नट आणि ब्रॅकेटच्या फटीत छिन्नी ठोकून बघितली, टिकली नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या तिथं नकोच होत्या. बाकीचे बोल्ट निघालेलेच होते, म्हणून तुम्ही लाकडी पाचर मारून हौद्याचा तो कोपरा थोडा उचललात आणि त्या फटीतून हॅक्सॉच्या पात्यानं, मध्ये मध्ये तेल सोडत, बोल्ट कापलात. वेळ लागला. पत्र्याला ओरखडा नाही.

मागचं फाळकं आधी काढल्यानं वजन हलकं झालं होतं, चौघांनी हौदा उचलून बाजूला ठेवला. पंप बदलला, गाडी चालू आहे.

नवे बोल्ट तुम्ही सांगितलंत तसेच बसवले: आटे पुन्हा गंजून अडकू नयेत म्हणून त्यांना तांब्याची पेस्ट, आधी सगळे हातानं, मग थोडे थोडे करून आवळले. पेस्ट लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पान्याला लटकलो नाही. तुटलेल्या पिंजऱ्याच्या जागी नवा नट बसवलाय. तो सरळ बसलाय का, हे एकदा खाली सरकून बघाल का?

तुमचा,
शेजारचा पिकअपवाला

ता. क. : तुमचं हॅक्सॉचं पातं पार बोथट झालंय. नवं आणून ठेवलंय.