मांगरातल्या जीपबद्दल

पुणे, २२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

कुळथाचं पीठ आणि मेतकूट पोचलं. आई, बरणी फुटली नाही, तू उगाच चार पदर गुंडाळलेस.

फोनवर बाबा "बरं" म्हणतात आणि विषय संपतो, म्हणून लिहायला बसले.

बाबा, मांगरात, म्हणजे आपल्या शेडमध्ये, उभी असलेली जीप चालू करायची ठरली. आंब्याच्या आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती सड्यावर, वरच्या कातळावर, जाऊन आली पाहिजे. खर्च माझा, त्यावर वाद नको. दुसरंही एक ठरलंय. ते शेवटी लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात की गोड बोलून कडू गोळी दिली, म्हणून आत्ताच सांगते. जीप आत्याचा धाकटा चालवेल. तुम्ही डावीकडे बसायचं.

रागावण्याआधी पुढचं वाचा. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. म्हणून तुम्हाला पेपर वाचता येतो, कलमावरचा मोहोर खालून दिसतो, आणि डोळे ठीक आहेत असं मनापासून वाटतं. पण पाणंदीत गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आडून येणारं वासरू कडेनेच येतं. कडेची नजर मोजणाऱ्या फील्ड टेस्टच्या कागदावरचे काळे डाग मी पाहिलेत, तुम्हीही पाहिलेत. पऱ्याजवळच्या, त्या ओढ्याजवळच्या, वळणाचा विषय मी काढत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो, तो मी पाठवलाच नाही. "साइट बंद आहे" असं दोनदा सांगितलं, ते खोटं होतं. त्याची टोचणी आहे, पण निर्णय बदलणार नाही.

नवा पिकअप घ्या असं दादा म्हणतो. त्याला मी नको म्हटलं, आणि ते केवळ माया म्हणून नाही. पिकअप आपल्या दोन गडग्यांमधून वळत नाही, हे तात्यांच्या वेळी एकदा पाहून झालंय. आपली जीप, महिंद्राची एमएम ५४०, अंगाने अरुंद, चारही चाकांना ताकद, आणि तिच्यात आपला मिस्त्री पाना लावून उघडू शकणार नाही असं काही नाही. २११२ सीसीचं प्यूजोचं इंजिन आहे, त्याचे भाग अजून मिळतात. भंगारात देण्याइतकी ती मेलेली नाही. २०१९ च्या पावसापासून उभी आहे, एवढंच.

आता कामाचं. मिस्त्री आला की हा कागद त्याच्यासमोर धरा. त्याला सगळं येतं, पण घाई फार. आल्या आल्या तो म्हणेल, "बॅटरी लावून एक सेल्फ मारून बघू." मारू द्यायचा नाही. धक्काही नाही. सहा पावसाळ्यांची दमट हवा खाल्लेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. सेल्फच्या जोराने त्या सुटतात खऱ्या, पण कधी तुटूनच सुटतात. मग शंभर रुपयांच्या तेलाने झालं असतं ते काम इंजिन खोलण्यावर जातं.

सगळ्यात आधी बॉनेट काठीने उघडा, हाताने नाही. मांगरात फुरसं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. सायलेन्सरच्या तोंडात आणि सीटखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे का ते टॉर्चच्या उजेडात पाहा. उंदरांच्या लेंड्या सुक्या झाडू नका. फिनेलच्या पाण्याने भिजवून, हातमोजे आणि मास्क घालून पुसायच्या. उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती खोटी नाही. हे काम तुम्ही करायचं नाही, गड्याला सांगा.

मग हवेची गाळणी. आपली तेलाच्या भांड्याची आहे, तिच्यात उंदराचं घरटं असणार अशी माझी पैज. भांडं काढून डिझेलने धुवायचं आणि खुणेपर्यंत नवं इंजिन ऑइल भरायचं. तिच्यापासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइपही काढून आरपार बघा. तिथे अडकलेली एक चिंधी आत ओढली गेली तरी पुरे.

इंजिन सोडवायची रीत अशी. चारही हिटर, म्हणजे सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग, काढा. त्याआधी दोन दिवस त्यांच्या आट्यांवर गंज सोडवायचं तेल रोज मारा, नाहीतर हिटर आत मोडतो आणि हेड उतरवावं लागतं. मग निम्मं डिझेल, निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल) असं मिश्रण प्रत्येक भोकात १५ ते २० मिली सोडा. जास्त नको, द्रव दाबला जात नाही. तीन दिवस तसंच राहू दे. चौथ्या दिवशी गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहून, क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने हळू फिरवायचं. सरकलं तर पूर्ण दोन फेरे. नाही सरकलं तर पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा तीन दिवस. दोन आठवडे लागले तरी चालतील, आंब्याला वेळ आहे. दोन फेरे झाल्यावर भोकं उघडी ठेवूनच सेल्फ मारायचा, म्हणजे उरलेलं तेल बाहेर उडेल. समोर कुणी उभं राहू नये. हिटर परत बसवताना चारही मीटरने तपासा. या इंजिनाला ते नसले तर थंडीच्या सकाळी नुसता पांढरा धूर येत राहील आणि मिस्त्री उगाच डिझेल पंपावर आळ घेईल.

बॅटरी नवीनच. जुनी चार्ज करून बघण्यात दिवस घालवू नका, ती आत पांढरी पडलेली असणार. दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो. ती कुणीही उचलो, तुम्ही नाही. वीस किलोच्या आसपास भरते, आणि स्टेंट घातल्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं ते आईला पाठ आहे. जोडताना वजा टोक शेवटी, काढताना तेच आधी. पहिल्यांदा थेट जोडू नका. वजा टोक आणि वायर यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब धरा. सगळं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर उंदराने कुठेतरी वायर सोललीय, ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. शेजारी कोरड्या रेतीच्या दोन बादल्या ठेवा.

खरी घाण टाकीत आहे. अर्ध्या टाकीत हवेतलं पाणी साचत राहतं. ते डिझेलच्या खाली बसतं आणि दोघांच्या सीमेवर जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. तळाचा नट काढून सगळं सोडा, दोन लिटर ताजं डिझेल घालून खळबळा, पुन्हा सोडा. पेट्रोलने धुवायचं नाही, त्याची वाफ भडकते. रबरी नळ्या सगळ्या बदला, त्या वरून धड दिसतात पण वाकवल्या की चिरा उघडतात. तिथून डिझेल गळत नाही, हवा मात्र ओढली जाते, म्हणून दोष सापडत नाही. तांब्याचे वायसर नवे. फिल्टर दोन आणून ठेवा, एक आता आणि दुसरा पन्नास तासांनी, कारण टाकीतला गंज सुटत राहतो. मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा, बुडबुडे थांबले की घट्ट. नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल उडालं की एकेक आवळायचा. त्या फवाऱ्याला बोट लावायचं नाही. दाब इतका असतो की डिझेल कातडीच्या आत जातं, आणि मग शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते.

इंजिन ऑइल चालू करण्याआधीच सोडा. आधी थोडं पाणी येईल, घाबरू नका. १५डब्ल्यू-४० चा पाच लिटरचा डबा आणि फिल्टर मी पाठवतेय. भरताना डबा बघू नका, डिपस्टिकची वरची खूण बघा. एक तास चालल्यावर हेही ऑइल बदलायचं, वाया गेलं म्हणून हळहळू नका. रेडिएटरमधलं पाणी तपकिरी येतं तोवर धुवा. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब पडले तर त्याचा सील गेलाय.

आई, इथे जरा थांब आणि बाबांच्या डोळ्यांत रात्रीचे थेंब घाल. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

ब्रेकवर मी एक रुपयाही वाचवणार नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून बसतो. मास्टर सिलिंडरचं किट, चारही ड्रममधल्या सिलिंडरांची किटं, पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन रबरी पाइप नवीन. आत खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला, रबर बदलून भागत नाही. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. एअर काढायचा क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल दाबायला आईला बसवायचं नाही. तिचा गुडघा म्हणजे जॅक नाही.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मांगराची दोन्ही दारं उघडी हवीत. 'स्टॉप'ची केबल आधी मोकळी हलते ना ते बघा, आणि ती ओढून ठेवूनच सेल्फ मारा, ऑइलचा काटा उठेपर्यंत. मग केबल सोडा, हिटर वीस-तीस सेकंद, सेल्फ दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये एक मिनिट विसावा. चालू होऊन दहा सेकंदांत ऑइलचा काटा उठला नाही तर लगेच बंद. एका माणसाने हातात फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभं राहावं. पंप अडकला आणि इंजिन आपोआप पळू लागलं तर तोंड फळीने दाबायचं, तळहाताने कधीच नाही. पांढरा धूर पाच-दहा मिनिटं चालेल. निळा राहिला तर रिंगांनी तेल सोडलंय, तो काही तास चालल्यावर कमी होतो का बघू. काळा असेल तर पुन्हा हवेची गाळणी.

क्लच चिकटलेला असेल, म्हणजे पेडल दाबूनही गिअर ओरडेल. रात्रभर पेडल काठीने दाबून ठेवा, बरेचदा तेवढ्याने सुटतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (फोर व्हीलची गिअरपेटी) आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सल हाउसिंगचं ऑइल बदला. ते दुधी निघालं तर पाणी शिरलंय, सील बदला. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि पाट्यांच्या शॅकलना ग्रीस, आणि शॅकल जिथे चासीला धरलेत तिथे पेचकसाचं टोक दाबून बघा. आत गेलं तर आधी वेल्डर. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. आपल्यावर '२४१४' आहे, म्हणजे २०१४ चा चोविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाचही बदलायचे, ६.००-१६, ट्यूबसकट.

धाकट्याला एक गोष्ट तुम्हीच शिकवा, बाबा, माझं तो ऐकणार नाही. फोर व्हील डांबरावर टाकायचा नाही. वळताना पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात, मागची जवळचा, आणि आपल्या जीपला हा फरक झेलणारं मधलं डिफरेन्शियल नाही, म्हणून डांबरावर चाक घसरत नाही आणि पीळ थेट शाफ्टवर येतो. कातळ ओला असेल तेव्हाच, थांबून, पुढच्या चाकांचे हब फिरवून लॉक करून, लो गिअरमध्ये. सड्यावर कुठे गिअर कुठला हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? त्याला ते शेजारी बसूनच सांगता येईल. मी टॉर्च धरून उभी असायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात ना, "हात हलवू नकोस, मला उजेड हवा, तुझी नाचरी सावली नको." नाकाला ग्रीस लावल्याशिवाय मला घरात सोडायचा नाहीत. ते सगळं आता त्याला द्या. ग्रीससुद्धा.

डाव्या बाजूला धरायला दांडा आणि आईसाठी खाली एक जादा पायरी वेल्डरकडून करून घेणार आहे. सीटवर जाड फोम. बाजार, डॉक्टर, गॅसचा सिलिंडर, आईचं भजनी मंडळ, कशालाही तुम्हाला रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागणार नाहीत. धाकटा सकाळी आठला येईल, त्याच्याशी महिन्याचं बोलून झालंय.

कागदपत्रं: आरसी २०२४ मध्येच संपलीय. नूतनीकरणासाठी गाडी रत्नागिरीच्या आरटीओत दाखवावी लागते, तोवर रस्त्यावर चालवत न्यायची नाही, टेम्पोवर चढवून नेऊ. जुन्या गाड्यांची फी वाढलीय, मी भरलीय असं समजा. विमा आणि पीयूसी मी बघते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस येतेय. तोपर्यंत फक्त हिटर काढून तेल सोडून ठेवा, बाकी काही नाही.

आपली,
ताई

ता. क. बाबा, किल्ली देवघराच्या फळीमागे शोधून झाली असेल. ती आईकडे आहे, पऱ्याच्या त्या दिवसापासून. मीच सांगितलं होतं, तिच्यावर रागावू नका. मिस्त्री आला की ती काढून देईल, आणि संध्याकाळी परत मागून घेईल.