कारखाना परदेशी गेल्यावर कामगाराच्या हाती काय राहते

हिकरी, नॉर्थ कॅरोलायना

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कारखाना दुसऱ्या देशात गेला तर अमेरिकन सरकार कामगाराला काय देते, असे तुम्ही फोनवर विचारले होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये युनियनचे काम करण्यात तुमची हयात गेली असल्यामुळे वरवरच्या उत्तराने तुमचे समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

यासाठी येथे ‘ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स’ नावाची केंद्र सरकारची योजना आहे. ‘होती’ म्हणणे अधिक खरे. अध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत, १९६२ साली, आयातशुल्क कमी करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला आणि त्याच कायद्यात ती आली. स्वस्त आयातीचा लाभ साऱ्या देशाला होणार असेल, तर त्यापायी ज्याची नोकरी जाईल त्याचा भार देशाने उचलावा, हा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात अटी इतक्या कडक होत्या, की १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ च्या कायद्याने त्या सैल केल्या, तरी युनियनची मंडळी या मदतीला ‘अंत्यसंस्काराचा विमा’च म्हणत राहिली.

अर्ज एकट्याचा नसे. एका कारखान्यातले तीन कामगार, युनियन, स्वतः मालक किंवा राज्याचे रोजगार कार्यालय यांपैकी कोणीही तो केंद्रीय श्रम खात्याकडे करू शकत असे. मग खाते कंपनीकडून उत्पादनाचे आणि विक्रीचे आकडे मागवी, आणि गरज पडल्यास तिच्या गिऱ्हाइकांनाही विचारी, की आता तुम्ही हा माल कोठून घेता. नोकरी परदेशी व्यापारामुळेच गेली असे ठरले, तरच त्या कारखान्यातल्या कामगारांना मदतीचा दरवाजा उघडत असे. यंत्राने काम हिरावून घेतले, त्याला यातले काही नाही. माझा या योजनेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. दोघांच्याही घराचे हप्ते थकतात. मग नोकरी कोणत्या कारणाने गेली, हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर कशाला?

मंजुरी मिळाल्यावर मात्र मदत भरीव असे. प्रशिक्षणाची फी सरकार भरी आणि बेकारी भत्ता संपल्यावर, प्रशिक्षण चालू असेपर्यंत, साप्ताहिक भत्ता मिळे. बेकारी भत्ता आणि हा भत्ता मिळून जास्तीत जास्त १३० आठवडे. यात एक मेख आहे. योजनेचा भत्ता राज्याच्या बेकारी भत्त्याइतकाच असे, आणि नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये आपल्या भत्त्याची कमाल मर्यादा आठवड्याला ५३५ डॉलरवरून ३५० वर आणली. म्हणजे केंद्राची मदतही राज्याच्या मापानेच मोजली जाई.

आमचा हा भाग फर्निचर आणि कापड यांवर जगलेला. जवळच्या कनॅपोलिस येथील टॉवेल-चादरींची पिलोटेक्स कंपनी २००३ च्या जुलैमध्ये बंद झाली, तेव्हा या राज्यातले सुमारे ४,८०० कामगार एकदम घरी बसले. त्यांतल्या कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, त्यामुळे कॉलेजांना आधी तेथून सुरुवात करावी लागली. पुढे पलंग आणि कपाटे करणारे कारखानेही चीनकडे वळले.

मी कॉलेजात गणित शिकवू लागले तेव्हा या योजनेतून आलेले विद्यार्थी माझ्या वर्गात असत. त्यांतले पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ मला चांगले आठवतात. पाच अष्टमांश इंचात तीन सोळांश इंच मिळवायचे असले, तर माझा खडू फळ्याला लागण्यापूर्वी ते उत्तर सांगत, कारण जन्मभर लाकूडच मापले होते. समीकरणात ‘क्ष’ आला की मात्र पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर पाहत. अशा माणसाला दोन वर्षे वर्गात बसवण्यापेक्षा योजनेतलेच दुसरे कलम अधिक उपयोगी, असे मला वाटते. पन्नाशीच्या पुढच्या कामगाराने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम सरकार दोन वर्षांपर्यंत देई. वर्षाला ४०,००० डॉलर मिळवणारा ३०,००० वर आला, तर त्याला वर्षाला ५,००० मिळत. एकूण मर्यादा १०,००० डॉलरची होती आणि नवा पगार ५०,००० च्या आत असणे आवश्यक होते.

हे सगळे भूतकाळात लिहिले, कारण संसदेने योजनेची मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून श्रम खात्याला नवे अर्ज मंजूर करता येईनासे झाले. आयातशुल्कावर येथे रोज तावातावाने भाषणे होतात; या योजनेचे नाव त्यांत क्वचितच ऐकू येते. नोकरी का गेली हे न विचारता प्रशिक्षण देणारी दुसरी योजना आहे, पण तिच्यात असा दीर्घ भत्ता नाही.

तुम्हाला आणखी एका गोष्टीचे नवल वाटेल. आपल्याकडे कामगार कमी करताना मालकाला कायद्याने प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. येथे केंद्राच्या कायद्यात तशी सक्ती नाही. १९८८ च्या कायद्याने मोठ्या मालकांवर घातलेले बंधन साठ दिवस आधी नोटीस देण्याचे आहे. आपल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कमी केलेल्या कामगाराच्या खात्यात नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार जमा करण्याची तरतूद आहे. तेवढ्यात कोणते कौशल्य शिकून होईल, याविषयी तुमच्या जुन्या सहकाऱ्यांचे मत काय आहे, ते अवश्य कळवावे.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली पुतणी