किती लेंथने जिंकला, यावर पैसे नकोत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महालक्ष्मीला रेस असली की सात रस्त्याच्या चहाच्या टपऱ्यांवर हल्ली एक वेगळाच सौदा कानावर येतो. "जिंकणार फेव्हरिटच, त्यात काय बोलायचं? तीन लेंथच्या वर की खाली, ते सांग." कोण जिंकणार यावर नव्हे, किती अंतराने जिंकणार यावर पैसे लागतात. टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत बेटिंगच्या, खिडकीवर विन, प्लेस, फोरकास्ट, टनाला, जॅकपॉट असे ठरलेले सौदे मिळतात. हा सौदा तिथे मिळत नाही. तो चालतो मोबाईलवर, चोरट्या बुकीकडे. वर्षानुवर्षं रेस पाहणारा आणि घोड्यांवर जीव असलेला माणूस म्हणून हे पत्र लिहितो आहे.

लेंथ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण अडीच मीटर. त्याखाली अर्धी लेंथ, मग नेक (मानेइतकं अंतर), हेड (डोक्याइतकं), शॉर्ट हेड (त्याहूनही कमी). भरधाव घोड्याला एक लेंथ तोडायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा पुरतो. म्हणजे जॉकीने लगाम जरा आधी आवरला की तीनाची दीड लेंथ होते.

आणि जॉकी लगाम आवरतातच. शेवटचे दोनशे मीटर दुर्बिणीतून नीट पाहा. पुढे निघालेला जॉकी एकदा काखेखालून मागे बघतो, कुणी येत नाही हे दिसलं की हात खाली सोडतो, आणि घोडा विनिंग पोस्टपर्यंत, म्हणजे शेवटच्या खांबापर्यंत, आपल्या मर्जीने येतो. यात लबाडी काहीच नाही, उलट शहाणपण आहे. दमलेल्या घोड्याला विनाकारण पिळलं तर पुढच्या रेसला तो उभा राहत नाही. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या, म्हणजे सरस घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणाऱ्या. घोडा जितक्या मोठ्या फरकाने जिंकेल तितकं त्याचं रेटिंग चढतं आणि पुढच्या वेळी पाठीवर वजन वाढतं. तेव्हा ट्रेनरलाही दीड लेंथचा विजय सहा लेंथच्या विजयापेक्षा गोड लागतो. जिंकणार हे नक्की झालेल्या घोड्यावर चाबूक उगारू नये, असं ब्रिटनसह अनेक देशांचे नियम सांगतात.

आता याच जागी पैसा आणून ठेवा. घोडा हरावा म्हणून जॉकीने ओढून धरला, तर स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चौकशी लावतात, फिल्म पुन्हा पाहतात, जॉकीला घरी बसवतात. पण जिंकलेला घोडा आवरला म्हणून त्याला कोण जाब विचारणार? मालक खूश, ट्रेनर खूश, पब्लिकला डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेले पैसे, मिळालेला. फसवणूक झाली हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. उलट बाजूने, 'तीनच्या वर'वाल्यांचे पैसे असतील तर जिंकलेल्या जनावराला शेवटपर्यंत झोडपलं जाईल. मला तर या दुसऱ्या शक्यतेची जास्त चीड येते.

इंग्लंडात असे सौदे उघड चालतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. तिथे परवानाधारक कंपन्या दिवसभरातल्या विजयी अंतरांची बेरीज करून त्यावर पैसे घेतात आणि एका शर्यतीत किती लेंथ धरायच्या याला मर्यादा ठेवतात. हिशेब कागदावर असतो, वर देखरेख असते. आपल्या टपरीवरच्या धंद्याला यातलं काहीच नाही.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत ही कौशल्याची बाब मानली. घोड्याची पैदास, तालीम, जॉकीचं कसब यांचा अभ्यास करून माणूस विजेता हेरू शकतो, हा त्यामागचा विचार. जिंकून झाल्यावर जॉकी कुठल्या क्षणी हात सोडेल, हे कुठल्या अभ्यासाने कळणार? माझ्या मते हा निव्वळ जुगार आहे, आणि त्याच्यामुळे बदनाम होईल ती रेस.

सरकारनेही एका गोष्टीचा विचार करावा. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २०२५च्या सप्टेंबरात तो ४० टक्के झाला. चोरटा बुकी कर लावत नाही, वर उधारीही देतो. नेहमीचा माणूस रेसकोर्सच्या फाटकाऐवजी त्याच्याकडे वळला तर नवल काय? कर जिंकलेल्या रकमेवर किंवा टोटच्या कमिशनवर घ्या, माणसं आत येतील.

रेस भरवणाऱ्या टर्फ क्लबने जिंकणाऱ्या घोड्यांच्या शेवटच्या दोनशे मीटरची फिल्मही हरणाऱ्यांच्या इतक्याच बारकाईने तपासावी, आणि लेंथवरच्या सौद्याशी संबंध आढळलेल्या जॉकीला घोडा ओढल्याइतकीच शिक्षा होईल असं मोसम संपायच्या आत जाहीर करावं. पोलिसांनी टपऱ्यांवरच्या पोरांना पकडून भागणार नाही. त्यांच्या फोनवर भाव पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचावं.

आपला,
एक वाचक
डिलाईल रोड, मुंबई